कपडेपट सांभाळणारी : यासुको ताकाहाशी आणि पॉप संगीताचा रंगमंच

नाटकाच्या हस्तपत्रिकेवर लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत अशी नामावळी छापून झाली, की उरलेल्या जागेत ‘वेशभूषा’ हा शब्द येतो. आणि जागा उरली नाही तर येत नाही. परप्रांतातील मराठी मंडळांच्या हौशी रंगभूमीशी ज्यांचा थोडाबहुत संबंध आला असेल, त्यांना हा अनुभव नवा नाही. नऊवारी लुगडे कोणा आजींच्या ट्रंकेतून, पगडी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याबरोबर, अंगरखा ज्याने आयुष्यात अंगरखा पाहिलेला नाही अशा इथल्या शिंप्याकडून, आणि नथ शेजारच्या वहिनींकडून ‘जपून हं’ या ताकिदीसह, असे सारे जमवायचे; प्रयोग संपल्यावर धुऊन, इस्त्री करून ज्याचे त्याला पोचते करायचे. जुन्या नाटक मंडळ्यांत या खात्याला ‘कपडेपट’ असा नेमका शब्द होता. प्रस्तुत लेखिकेने काही वर्षे ही उस्तवार केली आहे. त्यामुळेच असेल कदाचित, परंतु कोणा प्रसिद्ध गायकाचे छायाचित्र दिसले की तो काय गातो याआधी मनात प्रश्न येतो : याच्या अंगावरचा हा कपडा आणला कोणी?

या प्रश्नाच्या पाठीमागे लागून जी कथा हाती आली ती टोकियोतील एका बाईंची आहे. यासुको ताकाहाशी हे त्यांचे नाव. आपल्याकडील किती वाचकांनी ते ऐकले असेल याची शंका आहे. मात्र त्यांनी निवडलेल्या एका चामडी जाकिटाचे चित्र त्यांतल्या अनेकांनी कुठे ना कुठे पाहिले असेल. त्या जाकिटाकडे आपण शेवटी येऊच.

प्रथम धंद्याविषयी दोन शब्द. कपडे बेतणारा तो डिझायनर, शिवणारा तो शिंपी. आणि या दोघांच्या कामातून, दुकानांतून, जुन्या बाजारातून, प्रसंगी कोणाच्या घरच्या कपाटातून नेमकी वस्तू उचलून ती नेमक्या माणसाच्या अंगावर नेमक्या क्षणी चढविणारी व्यक्ती ती स्टायलिस्ट. तिचे भांडवल म्हणजे नजर आणि ओळखी. तिची हत्यारे म्हणजे टाचण्या, सेफ्टी पिना, चिमटे, इस्त्री, आणि उसन्या आणलेल्या जोड्यांच्या तळव्यांना चरे पडू नयेत म्हणून लावायची चिकटपट्टी. छायाचित्रात अंगासरशी बसलेला दिसणारा कोट पाठीमागून चिमट्यांनी आवळलेला असतो, हे पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. किंबहुना ते कळू न देणे हेच तिचे कौशल्य होय. तिने स्वतः काही शिवलेले नसते, म्हणून तिने केले तरी काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात.

ताकाहाशी यांचा जन्म १९४१ साली इबाराकी प्रांतातला. वासेदा विद्यापीठातील शिक्षणानंतर त्या जाहिरातींच्या व्यवसायात शिरल्या. जपानमध्ये तेव्हा स्टायलिस्ट हा स्वतंत्र धंदाच नव्हता. जाहिरातीचे छायाचित्र काढायचे तर कपडे, भांडी, फुले, खुर्च्या ही जमवाजमव हाताशी असेल त्याने करावी अशी रीत होती. ही जमवाजमव म्हणजे एक विद्या आहे आणि तिच्यावर आपले पोट चालू शकते, असे ठरवून स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या ज्या पहिल्या व्यक्ती, त्यांत ताकाहाशी यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. जपानची पहिली स्टायलिस्ट असाच त्यांचा उल्लेख होतो. परिचितांत त्या ‘याक्को’ या लाडक्या नावाने ओळखल्या जात. गंमत अशी, की जपानी भाषेत याच उच्चाराचा एक जुना शब्द आहे आणि त्याचा अर्थ सरदाराच्या मिरवणुकीत भाले आणि ओझी वाहणारा पाईक असा होतो.

त्यांची कर्मभूमी हाराजुकू. आज फॅशनचे माहेरघर म्हणून ओळखला जाणारा टोकियोचा हा भाग युद्धानंतर अमेरिकन लष्करी वसाहतीच्या शेजारचा एक शांत भाग होता. १९६४ च्या ऑलिंपिकच्या वेळी ती वसाहत जपानकडे परत आली आणि तेथे क्रीडाग्राम झाले. ओमोतेसान्दोच्या चौकात ‘सेंट्रल अपार्टमेंट’ नावाची एक इमारत होती. छायाचित्रकार, चित्रकार, जाहिरातींचा मजकूर लिहिणारे अशा तरुणांनी तिच्या खोल्या भाड्याने घेतल्या. त्यांचे अर्धे व्यवहार तळमजल्यावरच्या कॉफीच्या दुकानात उरकत. पुढे ताकाहाशी यांनी आठवणी लिहिल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच त्यांनी या रस्त्याला स्थान दिले.

पॉप संगीताशी जपानी कपड्याची गाठ त्यापूर्वी पडलीच नव्हती असे नव्हे. २९ जून १९६६ च्या पहाटे बीटल्स टोकियोच्या विमानतळावर उतरले ते विमान कंपनीने दिलेले ‘हाप्पी’ घालून. हाप्पी म्हणजे कारागिरांनी आणि उत्सवातल्या मंडळींनी घालायचा आखूड झगा. ती छायाचित्रे जगभर गेली. पाहुण्याच्या खांद्यावर शाल घालावी तशातला तो प्रकार होता : क्षणभराचे कौतुक, कंपनीची जाहिरात, आणि मुक्कामावर पोचताच झगा खुंटीला. त्या कपड्याने गायकांत काही बदलले नाही, आणि गायकांनी कपड्यात काही पाहिले असेल असेही वाटत नाही. सात वर्षांनी जे घडले ते निराळे होते.

त्या घटनेचा दुसरा नायक म्हणजे कान्साई यामामोतो. १९४४ साली योकोहामात जन्मलेल्या या तरुणाने शाळेत स्थापत्याचे शिक्षण घेतले, महाविद्यालयात इंग्रजी घेतले, आणि दोन्ही सोडून तो कपडे बेतू लागला. १९६७ साली त्याला जपानमधील ‘सोएन’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्या काळी जपानी अभिरुचीचे दोन आदर्श होते. एक पॅरिसचा, दुसरा घरचा, पण तो राखाडी, मातकट, संयमी रंगांचा, चहाविधीच्या खोलीत शोभणारा. कान्साईने हे दोन्ही बाजूला सारून तिसरीच वाट धरली. जत्रेतले पतंग, कबुकी नाटकातील रंगविलेले उग्र चेहरे, आग विझविणाऱ्या जुन्या दलांचे चित्रांकित डगले, गोंदणाच्या आकृती. जे भडक, गावंढळ म्हणून सभ्य घरांनी मागच्या खोलीत टाकले होते ते त्याने बाहेर काढून लाल, काळ्या, पिवळ्या रंगांत अंगावर चढविले. पॅरिसमध्ये केन्झो ताकादा यांनी १९७० साली आपले दुकान थाटले होते. कान्साईने लंडन निवडले. १९७१ साली तेथील किंग्ज रोडवर त्याचा कार्यक्रम झाला, आणि लंडनमध्ये स्वतःचे कपडे मांडणारा तो पहिला जपानी डिझायनर ठरला. या कार्यक्रमाच्या उभारणीत ताकाहाशी त्याच्या बरोबर होत्या. लंडनच्या एका प्रतिष्ठित मासिकाने त्याचे कपडे मुखपृष्ठावर छापले. घरच्या मागच्या खोलीतली वस्तू परगावी जाऊन मान मिळवून आली, की घरचे लोक ती दिवाणखान्यात मांडतात. हा अनुभव फक्त जपान्यांचाच आहे असे कोणी समजू नये.

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, ताकाहाशी पुन्हा लंडनला गेल्या. या वेळी सोबत छायाचित्रकार मासायोशी सुकिता होते. त्यांना टी. रेक्स या वाद्यवृंदाच्या मार्क बोलनची छायाचित्रे काढायची होती. बोवी हे नाव सुकितांना ठाऊक नव्हते. रस्त्यावर एक भित्तिपत्रक दिसले, त्यातील पाय उंचावलेल्या त्या काटकुळ्या तरुणाने त्यांचे लक्ष वेधले, आणि ते त्याच्या कार्यक्रमाला गेले. पाहिले ते असे, की त्याची छायाचित्रे काढल्याविना परतायचे नाही असे त्यांनी ठरविले. परंतु सुकितांना इंग्रजी येत नव्हते. व्यवस्थापकाला गाठणे, सुकितांची जुनी चित्रे त्याच्यापुढे ठेवणे, वेळ ठरवून घेणे हे सारे ताकाहाशी यांच्या मध्यस्थीने झाले. सुकितांनी त्यानंतर चाळीस वर्षे डेव्हिड बोवीची छायाचित्रे काढली. त्या चाळीस वर्षांचे दार कोणी ठोठावले हे अशा वेळी कोणी फारसे सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद करून ठेवते.

डेव्हिड बोवी त्या वेळी ‘झिगी स्टारडस्ट’ नावाचे एक पात्र रंगमंचावर वठवीत होता. स्वतःचा चेहरा बाजूला ठेवून दुसऱ्याच एका काल्पनिक गायकाचे रूप घेऊन गायचे, असा हा प्रकार. त्याचे सुरुवातीचे पोशाख फ्रेडी बुरेट्टी या त्याच्या मित्राने बेतले. केसांचा तो प्रसिद्ध लाल तुरा सुझी फसी या केशकर्तन करणाऱ्या तरुणीने घडविला, आणि त्यासाठी नमुना म्हणून बोवीने तिला दाखविलेल्या चित्रांत कान्साईच्या कपड्यांतील एक मॉडेल होती. म्हणजे जपानी कपडा अंगावर येण्यापूर्वी जपानी केस डोक्यावर आले होते. १९७२ मध्येच लंडनच्या रेनबो थिएटरात त्याने कान्साईचा, सशांची चित्रे असलेला एक आखूड पोशाख घातला. हे कपडे स्त्रियांसाठी बेतलेले होते. कान्साईने पुढे अनेकदा सांगितले आहे, की एक पुरुष आपले बायकी कपडे घालतो याचे त्याला प्रथम नवल वाटले आणि मग आनंद वाटला. बोवी इतका सडपातळ होता की ते त्याला व्यवस्थित बसत.

१४ फेब्रुवारी १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहात कान्साईने त्याला प्रथम प्रत्यक्ष पाहिले : छतातून खाली उतरणारा गायक, आणि त्याच्या अंगावर आपण बेतलेले कपडे. या भेटीनंतर त्याने बोवीसाठी खास नवे पोशाख तयार केले. या दोघांना जोडणारा दुवा ताकाहाशी याच होत्या. एप्रिल १९७३ मध्ये बोवी बोटीने योकोहामाला उतरला, कारण विमानाचे त्याला भय वाटे. आणि ८ तारखेला टोकियोच्या शिंजुकू भागात त्याचा पहिला कार्यक्रम झाला. नागोया, हिरोशिमा, कोबे, ओसाका असा हा दौरा २० एप्रिलला पुन्हा टोकियोत संपला. या दौऱ्यात कपडेपट ताकाहाशी यांच्याकडे होता.

हे काम म्हणजे पोशाख टांगून ठेवणे नव्हते. बोवीला रंगमंचावरच, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, एक रूप टाकून दुसरे घ्यायचे होते. त्यासाठी कबुकीतली ‘हिकिनुकी’ ही शतकानुशतके चालत आलेली युक्ती उपयोगी पडली. कबुकीत वरचा किमोनो पक्का शिवलेला नसतो, जाड दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी धरलेला असतो. नटाच्या मागे बसलेला मदतनीस नृत्य चालू असताना एकेक दोरा सैल करीत राहतो, आणि ठरलेल्या तालावर ओढ देतो. क्षणात वरचे वस्त्र गळते आणि आतून दुसरेच झळकते. दोरा लवकर ओढला तर रहस्य फुटते; उशीर झाला तर नट अडकतो. कान्साईच्या पोशाखांत दोऱ्यांच्या जागी टिचबटणे आली. काळ्या चकचकीत व्हायनिलचा, पांढऱ्या वर्तुळाकार रेघांचा, दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर फुगलेला तो सुप्रसिद्ध पोशाख जपानी पुरुषांच्या ‘हाकामा’ या घेरदार वस्त्राची आठवण करून देतो. त्याच्या बाजू टिचबटणांनी जोडलेल्या होत्या. दोन बाजूंनी दोघींनी धरून एकदम ओढले, की ते प्रचंड धूड दोन फाके होऊन पडे आणि आतला कृश, जवळजवळ उघडा गायक प्रकाशात उभा राही.

कबुकीतला हा मदतनीस रंगमंचावर पूर्ण प्रकाशात वावरतो. पुष्कळदा त्याचे कपडे नखशिखान्त काळे असतात, चेहऱ्यावरही काळा पडदा असतो. आणि तो दिसत असूनही दिसत नाही असे धरून चालायचे, हा नट आणि प्रेक्षक यांच्यातील जुना करार आहे. ताकाहाशी यांच्या धंद्याचे याहून चांगले वर्णन मला सुचत नाही.

येथे बालगंधर्वांची आठवण होणे मराठी मनाला अपरिहार्य आहे. १६२९ साली जपानमध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली आणि कबुकीत पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा दृढ झाली. त्या परंपरेतील नामवंत स्त्रीपार्टी तामासाबुरो बान्दो यांच्याकडून बोवीने रंगभूषेच्या गोष्टी समजून घेतल्याचे सांगतात. आपल्याकडे नारायणराव राजहंसांच्या साडीची आणि खोप्यातल्या वेणीची नक्कल घरोघरच्या कुलवधूंनी केली. लंडनमध्ये शाळकरी मुलांनी लाल तुरे राखले. पुरुषाने बायकी वस्त्र नेसावे आणि ते इतके साजून दिसावे की समाजाने त्याच्यावरून आपली टापटीप ठरवावी, हे कौतुक आपल्याला परके नाही. फरक एवढाच की गंधर्व मंडळीचा कपडेपट उंची शालूंसाठी कर्जात बुडाला, आणि बोवीचा कपडेपट पुढे संग्रहालयात गेला.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. परक्याने आपली पारंपरिक वस्त्रे घालून पैसा आणि कीर्ती मिळवावी, ही लूट नव्हे काय? बीटल्सच्या हाप्पीविषयी मला हा प्रश्न काहीसा योग्य वाटतो, जरी तेथे देणारी कंपनीही जपानीच होती. १९७३ विषयी वाटत नाही. तेथे कपडा जपान्याने बेतला, जपानी बाईंनी चढविला, आणि जपानी प्रेक्षकांपुढे तो प्रथम कसोटीला लागला. त्या दौऱ्यातील एका पांढऱ्या झग्यावर मोठ्या चिनी-जपानी अक्षरांत बोवीचे नाव रंगविले होते. उच्चार ‘देबितो बोई’ असा साधावा म्हणून निवडलेल्या त्या पाच अक्षरांचे अर्थ अनुक्रमे बाहेर पडणे, अग्नी, ओकणे, उग्र आणि दरारा असे होतात. हा विनोद फक्त यजमानांना वाचता येत होता. पाहुण्याच्या पाठीवर यजमानाने आपल्या भाषेत लिहावे आणि पाहुण्याने ते अभिमानाने मिरवावे, याला लूट म्हणणे मला तरी जड जाते.

३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने झिगीचे पात्र संपविल्याचे जाहीर केले आणि त्या वस्त्रांचे काम तेथे थांबले. कान्साईने पुढे पॅरिसमध्ये नाव कमावले, आणि नंतर कपड्यांहून मोठ्या गोष्टीकडे, म्हणजे हजारो लोकांच्या भव्य खुल्या महोत्सवांकडे तो वळला. त्यांतला एक १९९३ मध्ये मॉस्कोच्या लाल चौकात झाला, आणि एक १९९७ मध्ये आपल्या दिल्लीतही झाला. २०२० च्या जुलैत त्याचे निधन झाले.

आता ते जाकीट. १९७७ च्या वसंतात बोवी पुन्हा टोकियोत आला. या वेळी तो मित्र इगी पॉपच्या सोबतीला आला होता, आणि स्वतःचा कार्यक्रम नव्हता. सुकितांनी छायाचित्रांसाठी थोडा वेळ मागितला. लंडनमध्ये तेव्हा पंकचे वारे वाहत होते, म्हणून चामडी जाकिटे हवीत असे ठरले. ती जमविण्याचे काम अर्थातच ताकाहाशी यांचे. त्यांनी अनेक जाकिटे आणून ठेवली. त्यांतून बोवीने घ्यायची ती घेतली. हाराजुकूतील एका स्टुडिओत प्रत्येकी सुमारे तासाभरात दोघांची छायाचित्रे उरकली. त्या कामाचे कोणतेही मोठे प्रयोजन नव्हते. पुढे बोवीने त्यांतील एक चित्र मागून घेतले आणि १४ ऑक्टोबर १९७७ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘हीरोज’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ते छापले गेले : कृष्णधवल चित्र, ताठ उचललेला तळहात, काचेसारखी नजर, आणि अंगावर ते जाकीट. चार वर्षांपूर्वीच्या व्हायनिलच्या भव्य पोशाखाकडे कोणीही वळून पाहिले असते. हे जाकीट मात्र इतके साधे आहे की ते कोणी निवडले असेल असेही मनात येत नाही. पण दुसरा कुठलाही कपडा त्या हातांखाली कल्पून पाहावा, म्हणजे निवडणे म्हणजे काय ते कळते.

मार्च २०१३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बोवीच्या पोशाखांचे मोठे प्रदर्शन भरले. कान्साईचे ते काळे-पांढरे धूडही तेथे काचेआड उभे होते. त्याच महिन्यात दहा वर्षांच्या शांततेनंतर बोवीची नवी ध्वनिमुद्रिका आली. तिच्या वेष्टनासाठी जोनाथन बार्नब्रुक यांनी नवे चित्र काढलेच नाही. १९७७ चे तेच जुने चित्र घेतले आणि मधोमध एक पांढरा चौकोन बसवून चेहरा पार झाकून टाकला. चौकोनाच्या कडेने वर थोडे केस दिसतात, आणि भोवती ताकाहाशी यांनी आणलेले ते जाकीट दिसते.